उपकारांची वही: देवाने केलेले विसरू नये म्हणून काय करावे

जुलैचा दुसरा आठवडा. पेरून पंधरा दिवस झालेले, आभाळ कोरडे. अशा वेळी देवाने मागे काय काय केले ते आठवायला बसावे तर नेमके काहीच आठवत नाही. कृषी केंद्राची उधारी आठवते, बियाण्याच्या बॅगचा भाव आठवतो, बँकेच्या नोटिशीची तारीख आठवते. उपकार तेवढे आठवत नाहीत. विश्वास संपला असे त्यावरून समजू नका. भीती लागली की माणसाला पुढचेच दिसते, मागचे दिसत नाही. म्हणून आठवणीचे काम बऱ्या दिवसांत करून ठेवावे लागते, जसे कुटार पावसाआधी भरून ठेवतो. झड लागल्यावर कुटार शोधत फिरणाऱ्याच्या बैलांचे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

इथे दिलेली पद्धत एका वहीची आहे. खर्च वही-पेनाचा आणि आठवड्याला अर्ध्या तासाचा. पण वही उघडण्याआधी एक गोष्ट नीट बसली पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे तिरके जाते.

आधी शास्त्र, मग आपले घर

बहुतेक जण सुरुवात आपल्या घरापासून करतात: नोकरी लागली, पोरगी पास झाली, आजार बरा झाला. तसे करू नका. आधी शास्त्र, म्हणजे बायबल. त्यातले स्तोत्र ७७ उघडा. ते रचणारा आसाफ रात्रभर जागा आहे, हात पसरून हाक मारतो आहे, बोलवतसुद्धा नाही इतका खचलेला आहे. पाचव्या-सहाव्या ओवीत तो आपले जुने दिवस आठवतो, रात्री गायलेली गाणी आठवतो. त्याने बरे वाटते का? उलट सातव्या ओवीपासून प्रश्नांची रांग लागते: प्रभू कायमचा टाकून देईल काय, त्याची दया संपली काय, देव कृपा करायचे विसरला काय. आपले स्वतःचे चांगले दिवस आठवून तो अधिकच खोल गेला. वळण येते ते दहाव्या-अकराव्या ओवीत, जेव्हा तो 'माझे दिवस' सोडून 'तुझी कृत्ये' म्हणतो, आणि मग थेट तांबड्या समुद्रापाशी जाऊन उभा राहतो, जिथे देवाने पाणी दुभागून इस्राएल लोकांना वाट दिली.

कारण साधे आहे. आपल्या घरातल्या उपकारांची यादी पिकाबरोबर वर-खाली होते. तांबडा समुद्र, येशूचा वधस्तंभ आणि रिकामी कबर यांना कोणत्याही सालच्या रोगराईचे भय नाही. विश्वासाची उभी थुनी ती आहे, आपल्या नोंदी तिला बांधलेल्या आडव्या काड्या. थुनीच रोवली नसेल तर काड्या कितीही बांधा, मांडव बसतो.

म्हणून वहीची पहिली बारा पाने शास्त्रासाठी ठेवा. बारा प्रसंग, एका पानाला एक, आपल्या हाताने लिहून. निवड आपली, पण हे सहा त्यात असावेत: निर्गम १४, यहोशवा ४, १ शमुवेल ७, हबक्कूक ३, लूक २४ आणि २ करिंथ १:८-१०. शेवटच्यात पौल तीन काळ एकाच दमात सांगतो: त्याने सोडवले, तो सोडवील, पुढेही सोडवील. उतारा पूर्ण उतरवण्याची गरज नाही. काय अडले होते, देवाने काय केले, लोकांनी आठवणीसाठी काय केले, एवढ्या तीन ओळी पुरे.

यहोशवा ४ लिहिताना एक तपशील सोडू नका. इस्राएल लोकांनी यहोशवाच्या मागे यार्देन नदी ओलांडली तेव्हा ती दुथडी भरून वाहत होती, आणि तो हंगाम कापणीचा होता. आपल्याला हे विचित्र वाटते. आपल्याकडे पूर आषाढ-श्रावणात आणि कापणी पाणी ओसरल्यावर. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, जव वसंतात पिकतो आणि त्याच दिवसांत हर्मोन डोंगराकडचे बर्फ वितळून नदी फुगते. म्हणजे ओलांडायला वर्षातली सगळ्यात वाईट वेळ. तिथून बारा जणांनी खांद्यावर एकेक धोंडा आणून गिलगालला उभे केले. पुढे तुमची पोरे विचारतील, या धोंड्यांचा अर्थ काय, म्हणून.

वही

२०० पानी लाँगबुक, ओळींची, जाड पुठ्ठ्याची. छापील तारखांची डायरी नको: रिकाम्या पानांची लाज वाटते आणि फेब्रुवारीपर्यंत ती बंद पडते. बॉलपेनने लिहा; जेल पेनची शाई पावसाळ्यात पसरते. मोबाइलवर लिहिले तरी चालेल, पण मोबाइल पडतो, बदलतो, पोरे खेळताना पुसून टाकतात, आणि आजीला हातात धरून वाचता येत नाही.

ठेवायची जागा पत्र्याची पेटी. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, बरोबर कडुनिंबाचा वाळलेला पाला. मातीच्या भिंतीला टेकवून ठेवली तर वाळवी लागते, धान्याच्या कोठीजवळ ठेवली तर उंदीर.

पहिली बारा पाने शास्त्राची झाली. मधली पाने नोंदींची. वही उलटी करून मागच्या बाजूने वीस पाने सोडा आणि वर लिहा: 'अजून नाही'. त्यांचे काय करायचे ते पुढे येईल.

नोंद कशी लिहावी

बहुतेक वह्या इथे बिघडतात, म्हणून इथे थोडे थांबू. अशी नोंद पाहा:

'परमेश्वराने या वर्षी खूप आशीर्वाद दिला. सर्व संकटांतून सोडवले. हालेलुया.'

यात खोटे काही नाही, पण तीन वर्षांनी वाचली तर हाती काहीच लागत नाही. कोणते संकट, कधी, कसे सोडवले? ही नोंद कोणत्याही घरात, कोणत्याही साली चालेल. म्हणजे ती कोणाचीच नाही. आता ही नमुन्याची नोंद पाहा:

'९ जुलै. नाल्याकडच्या एक एकरातले सोयाबीन उगवलेच नाही. दुबार पेरणीला पैसे नव्हते. ६ तारखेला रात्री तिघांनी मिळून प्रार्थना केली. ८ ला मोठ्या मावशीने स्वतःहून ३००० दिले, दिवाळीनंतर द्या म्हणाली. एक बॅग आणली, आज टोबली. पाऊस अजून नाही. म्हणून: पावसासाठी मागत राहायचे. दिवाळीनंतर मावशीचे पैसे आधी.'

यात चार गोष्टी आहेत. तारीख. काय अडले होते, आकड्यासह. काय झाले आणि कोणाच्या हातून झाले. आणि 'म्हणून'.

कोणाच्या हातून हे लिहायला लोक कचरतात. मावशीचे नाव घातले तर देवाचे श्रेय कमी होईल असे वाटते. एलिया संदेष्ट्याला भाकर आणि मांस कावळ्यांनी आणून दिले, पुढे सारफथच्या विधवेने जेवू घातले. शास्त्राने कावळेही लपवले नाहीत आणि विधवाही. स्तोत्र ७७ ची शेवटची ओवी सांगते की देवाने आपल्या लोकांना मेंढरांसारखे नेले, मोशे व अहरोन यांच्या हाताने. हात लिहा. डॉक्टरचा, आशाताईचा, शेजाऱ्याचा, मग तो आपल्या मंडळीतला असो वा नसो. (आणि उपकार देवाचा असला तरी पैसे मावशीचे आहेत. परत दिले की तीही तारीख त्याच नोंदीखाली टाका.)

'म्हणून' चा भाग लहान, पण तो गाळला तर वही नुसती जंत्री होते. मार्क ८ मध्ये शिष्य नावेत बसले आहेत, जवळ एकच भाकर, आणि भाकरी आणायची विसरलो म्हणून चर्चा चालू. येशू विचारतो: पाच हजारांसाठी पाच भाकरी मोडल्या तेव्हा किती टोपल्या भरल्या? ते म्हणतात, बारा. आणि चार हजारांच्या वेळी? सात. आकडे अगदी बरोबर! तरी काळजी तीच. आकडा डोक्यात होता, पण त्याचा आजच्या एका भाकरीशी धागा जोडलेला नव्हता. पलिष्ट्यांचा धिप्पाड योद्धा गल्याथ याच्यापुढे दावीद हाच धागा जोडतो: ज्याने सिंहाच्या आणि अस्वलाच्या पंजातून सोडवले तोच या पलिष्ट्याच्या हातून सोडवील. त्या 'तोच' साठी 'म्हणून' लिहायचे.

किती लिहावे? आठवड्याला एक नोंद भरपूर झाली. रानात मान्ना, म्हणजे देवाने इस्राएलाला दिलेले अन्न, रोज पडत होता, पण पुढच्या पिढ्यांना दाखवायला भांड्यात ठेवला तो एक ओमर, साधारण दोन लिटरचे माप. ज्यांनी उद्याच्या भीतीने घरात साठवला त्यांच्याकडे किडे पडले. सगळेच लिहू पाहणाऱ्याची वही दुसऱ्या महिन्यात थांबते.

मागचे कसे शोधायचे

वही आज सुरू झाली तरी उपकार आजपासूनचे नाहीत. मागची दहा-वीस वर्षे काढायला दोन रविवार दुपारी द्या. आठवणीवर विसंबू नका, घरातले कागद काढा. दवाखान्याचे केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड, बँकेचे पासबुक, बाजार समितीची काटापट्टी, शाळेची टीसी, बाळंतपणाचे कार्ड, बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नपत्रिका. या प्रत्येक कागदावर तारीख आहे आणि प्रत्येकामागे काहीतरी अडलेले होते. कागद समोर ठेवून एकच विचारायचे: तेव्हा काय होईल असे वाटत होते, आणि काय झाले?

जुन्या माणसांकडे कागद नसतात आणि साल विचारले तर 'ते काही ध्यानात नाही बाप्पा' म्हणतात. त्यांना साल विचारूच नका. खुणेने विचारा. दुष्काळाच्या आधी की नंतर, तर दुष्काळ १९७२ चा. मोवाड वाहून गेले तेव्हा, तर ३० जुलै १९९१. नोटा बंद झाल्या तेव्हा, म्हणजे नोव्हेंबर २०१६. बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली ते साल २०१७, लॉकडाऊन लागले ते मार्च २०२०. मंडळीतल्या खुणाही आहेत. यवतमाळचे सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारे विद्यालय, पुण्याला गेले ते १९८३. दाखल्यावर मिशनचे नाव जाऊन सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आले असेल तर तो २९ नोव्हेंबर १९७० नंतरचा, कारण त्या दिवशी नागपुरात ही मंडळी एकत्र झाली. आजीने 'पहिली पोरगी पोटात होती तेव्हा' म्हटले तर पोरीच्या टीसीवरून साल निघते.

विचारणारा नातू असला तर माणूस जास्त खुलतो. मोबाइलवर आवाज टेप करा, पण विचारून. आणि मध्ये बोलू नका. म्हातारी माणसे थांबतात ती संपले म्हणून नाही, पुढचे आठवते आहे म्हणून.

सांगताना ती आपल्या पडत्या काळाचेही सांगतील. तेही लिहा. शमुवेल संदेष्ट्याने पलिष्ट्यांवरच्या विजयानंतर मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये धोंडा उभारून त्याला एबन-एजर नाव दिले, साहाय्याचा धोंडा, 'येथवर परमेश्वराने साहाय्य केले'. हे वाक्य आपण कॅलेंडरवर वाचतो. पण १ शमुवेल ४ उघडून पाहिलेले थोडेच. इस्राएलाने तळ दिला होता तो एबन-एजरपाशीच, आणि तिथे मार खाल्ला होता: आधी चार हजार पडले, मग तीस हजार, आणि रणात नेलेला देवाच्या कराराचा पवित्र कोशही गेला. मध्ये वीस वर्षे रडण्यात गेली. साहाय्याच्या धोंड्याला नाव मिळाले ते हरलेल्या जागेचे. तुमच्या घरातही एखादे असे वावर, असा दवाखाना, असे साल असेल.

पोरांसाठी गोटे

लहान पोरे वही वाचत नाहीत, त्यांना हातात धरायला काहीतरी लागते. नाल्यातून मुठीत मावेल एवढे गोटे आणा. गुळगुळीत काळा दगड किंवा पांढरी गारगोटी दोन्ही चालतात. धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा. ओल राहिली की रंग पापुद्र्याने निघतो. ऑइलपेंटने, काडेपेटीच्या काडीच्या टोकाने, फक्त साल आणि एक शब्द लिहा. मार्करने लिहिलेले हाताळून पुसट होते. वर्षाला फार तर बारा.

गोटे डब्यात ठेवा. महिन्यातून एकदा, जेवणे झाल्यावर, डबा चटईवर पालथा करा आणि पोरांनाच उचलू द्या. मग असे काहीतरी होते:

'आबाजी, ह्या गोट्यावर २०२१ काहून लिवलं?'

'तुह्या बापाले कोरोना झाला होता, थ्या सालचा गोटा होय तो.'

'मंग?'

त्या 'मंग' साठी डबा आहे. उत्तर तीन-चार वाक्यांत द्या आणि थांबा. त्याचे प्रवचन केले की पुढच्या महिन्यात पोरे डब्याकडे फिरकत नाहीत.

एक सावधगिरी आपल्या भागापुरती. गोटे धुऱ्यावर किंवा निंबाखाली रचून ठेवू नका. येणारा-जाणारा भल्या मनाने फूल वाहील, पुढे कोणी शेंदूर लावील, आणि मग त्याला हात लावणे म्हणजे गावाचे मन दुखावणे. दोष त्यांचा नाही, ठेवणाऱ्याचा. आणि हा धोका शेजाऱ्यांपुरता नाही, आपल्यालाही आहे. मोशेने रानात उभारलेला, ज्याच्याकडे पाहून साप चावलेले लोक वाचले तो पितळी साप काही शतके इस्राएलाने जपला, आणि शेवटी लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले. हिज्कीया राजाने तो फोडला. देवाच्या सांगण्यावरून केलेली, खऱ्या सुटकेची आठवण असलेली वस्तू होती ती. गोट्याला पोर 'लकी' म्हणू लागले की तो गोटा नाल्यात परत टाका.

साक्ष देताना

वहीतली नोंद कधी ना कधी प्रार्थनासभेत सांगायची वेळ येते. तीन मिनिटे, एकच नोंद, वहीतून वाचून. तोंडी सांगताना आकडे वाढतात, हे माणसाच्या जिभेचेच आहे. 'ताप होता' चे 'डॉक्टरांनी हात टेकले होते' व्हायला दोन सभा पुरतात. पोरे घरी काय झाले ते पाहून असतात. वाढवलेली साक्ष त्यांनी एकदा ऐकली की पुढच्या खऱ्या साक्षीवरही त्यांचा भरवसा बसत नाही.

आजाराच्या साक्षीत औषध गाळू नका. साध्या टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. तो पूर्ण केला असेल तर तसे स्पष्ट सांगा, कारण समोर बसलेल्यांपैकी कोणी दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडायच्या बेतात असू शकतो. बीपी-शुगरचेही तेच. प्रार्थना झाली म्हणून गोळी बंद करा असे पाळकाने सांगितले तरी ऐकू नका. गोळी सुरू-बंद डॉक्टरला विचारून.

दुसरी चूक अधिक नकळत होते. गारपीट झाली, आपला गहू राहिला, शेजारच्या बाकावरच्या भावाचा आडवा झाला. 'प्रभूने आमचे वावर राखले' असे त्याच्यासमोर म्हणणे म्हणजे त्याचे राखले नाही असे म्हणणे. नोंद वहीत जरूर लिहा, देवाचे आभार घरी माना, आणि 'म्हणून' च्या जागी लिहा: त्याच्याकडे दोन पोते गहू. सभेत ती नोंद नको. यहोशवाने दुसरे बारा धोंडे नदीच्या मधोमधही रचले होते, जिथे याजक उभे होते तिथे. पाणी परतल्यावर ते कोणाला दिसणार होते? काही नोंदी तशा असू द्याव्या.

पहिल्या पिकाची टोपली

हंगामाच्या सणाला चर्चमध्ये वेदीपुढे पहिल्या वेचणीचा कापूस, सोयाबीन, ज्वारीची कणसे, भंडारा-गोंदियाकडे धान, अशी मांडणी होते. मग लिलाव होतो, आणि सण संपतो. अनुवाद २६ मध्ये टोपलीइतकेच तोंडाला काम आहे. टोपली ठेवताना माणसाने म्हणायचे होते: माझा मूळपुरुष भटका अरामी होता, थोडक्या लोकांनिशी मिसरात गेला, तिथे जाच झाला, आम्ही ओरडलो, परमेश्वराने ऐकले, बाहेर काढले, ही जमीन दिली, आता तिचे पहिले फळ मी आणले आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास, एका दमात, हातात टोपली धरून.

आपल्या घरचे असे पाच ओळींचे लिहून पाठ करा. कोण कुठून आले, काय जाच झाला, प्रभूची ओळख घरात कोणाकडून आली, कशातून निभावले, आणि आज काय आणले आहे. घरातली सगळ्यात लहान बोलती व्यक्ती ते म्हणेल. भूमिहीन घरांनी मागे राहू नये: वेचणीच्या मजुरीतली एक नोटही टोपलीत ठेवता येते. त्याच अध्यायात पुढे लिहिले आहे की लेवी (ज्यांना वाट्याची जमीन नव्हती ते देवाचे सेवक) आणि परका यांनाही घेऊन आनंद करा, तेव्हा त्या दिवशी एक ताट घराबाहेरच्या माणसाचे.

३१ डिसेंबरच्या रात्रीसाठी स्तोत्र १३६ सोपे पडते. सव्वीस ओव्या, दर ओवीला 'त्याची दया सनातन आहे'. एकाने अर्धी ओवी वाचायची, बाकीच्यांनी हे उत्तर द्यायचे. सव्विसावीच्या आधी थांबा आणि वहीतल्या बारा नोंदी, एकेक ओळ करून, त्याच चालीत घाला. 'जुलैत बी उगवले नाही तेव्हा मावशीला पाठवले...' 'त्याची दया सनातन आहे.' पहिल्यांदा पोरे हसतील. हसू द्या.

'अजून नाही' ची पाने

मागच्या बाजूच्या वीस पानांवर जे मागितले आणि मिळाले नाही ते लिहायचे. तारखेसह, तितक्याच नेटकेपणाने. मूल झाले नाही. दारू सुटली नाही. कर्ज फिटले नाही. माणूस वाचला नाही. फक्त मिळालेलेच लिहिणारी वही अर्धी खोटी असते, आणि वाईट दिवशी ती उघडली की नेमकी तीच अर्धी बाजू अंगावर येते. स्तोत्र ८८ अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरी ते शास्त्रात आहे.

आठवण हा सौदा नव्हे. मागल्या साली दिले म्हणून या साली दिलेच पाहिजे, असे म्हटले की आठवणीचा ताईत होतो. एबन-एजरला कोश रणात नेणाऱ्यांनी तेच केले होते. हबक्कूक संदेष्टा तिसऱ्या अध्यायात आधी देवाची जुनी कृत्ये एकेक करून सांगतो, आणि त्यानंतर म्हणतो: अंजीर न फुलले, वेलीला फळ नसले, जैतुनाने दगा दिला, शेतात पिकले नाही, वाड्यात मेंढरे नसली, गोठ्यात गुरे नसली, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. शेतकऱ्याच्या घरातली एकही वस्तू त्याने सोडलेली नाही. पण हे 'तरी' म्हणण्याआधी त्याने अध्यायाचा मोठा भाग आठवण्यात घालवला आहे. ती आठवण सोडून नुसते 'तरी' कोणाच्या गळी उतरवू नये.

ज्या घरातला कर्ता माणूस फवारणीचे औषध पिऊन गेला त्या घरी तर मुळीच नाही. तिथे वही नेऊ नका, उपकार मोजायला लावू नका. भाकर-भाजी न्या, गुरांचे पाणी-कुटार पाहा, तहसीलच्या कागदांना बरोबर जा. बाईंनी स्वतःहून काही आठवले तर ऐका. आणि कोणी जगण्यालाच कंटाळल्यासारखे बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका, विषाचे डबे घरातून हलवा, आणि १४४१६ या सरकारी टेली-मानस नंबरवर फोन लावून द्या. तो चोवीस तास चालतो आणि पैसे लागत नाहीत.

वाईट रात्री वही कशी वाचावी

सगळी वाचू नका. आधी 'अजून नाही' मध्ये आजची नोंद टाका, आसाफाने आधी रडून घेतले तसे. मग शास्त्राच्या बारा पानांतले एक, मोठ्याने. मग आपल्या तीन नोंदी: एक जुनी, एक मागल्या वर्षातली, एक दुसऱ्या कोणाच्या हातून आलेली. मोठ्याने वाचण्याचे कारण एवढेच की मनात वाचताना भीती मध्ये मध्ये बोलते. वाचता येत नसेल तर पोराला वाचायला सांगा. तेही जमले नाही तर कोणाला फोन करून म्हणा, एक नोंद वाचून दाखव. मग दिवा मालवा. लगेच बरे वाटलेच पाहिजे अशी अट नाही. तांबड्या समुद्रातून देवाची वाट गेली, पण त्याची पावले दिसली नाहीत, असे आसाफाचे तेच स्तोत्र ७७ शेवटाकडे म्हणते.

नोंदी थांबल्या असतील, सहा महिने वही उघडलीच नसेल, तर मागचे भरून काढायला बसू नका. आजची तारीख टाका आणि पुढे चला.

वही भरली की

पुठ्ठ्यावर क्रमांक आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत ते लिहा. पानांचे मोबाइलवर फोटो काढून बाहेरगावी असलेल्या एका नातेवाइकाकडे पाठवून ठेवा. छप्पर गळते, पूर येतात. ज्या नोंदी घराबाहेर जाऊ नयेत त्यांचे फोटो काढू नका. शास्त्राची बारा पाने नव्या वहीत पुन्हा हाताने लिहा, झेरॉक्स चिकटवू नका. जुन्या नोंदींतल्या बाराच निवडून पुढे न्या. 'अजून नाही' मधले ज्याचे उत्तर आले त्यावर रेघ मारून तारीख टाका. ज्याचे आले नाही ते नव्या वहीच्या मागच्या पानांवर तसेच उतरवा, मूळ तारीख न बदलता.